शाप, वरदान आणि वसईची विहीर

शाळेतून आल्या आल्या भाचीनं वही माझ्यापुढे सरकवली. निबंधाचा विषय नेहमीचाच, ‘विज्ञान : शाप की वरदान?’

‘मामा, सुरुवात सांग ना!’

‘सुरुवात घरात बसून नाही सापडायची. रविवारी वसईला येतेस?’

वसई रोडला उतरून आम्ही पश्चिमेकडची निर्मळ-भुईगावची बस धरली. इमारती मागे पडल्या आणि केळी, नारळ, पानवेली आणि फुलांच्या वाड्या सुरू झाल्या. ओळखीच्या एका आजोबांच्या वाडीत शिरलो. कोपऱ्यात छोटंसं तळं होतं. त्याला इथं ‘बावखल’ म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. पूर्वी यावर रहाट चाले. मग पंप आले.

शेजारच्या विहिरीचं पाणी भाचीनं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. ‘ई, मचूळ!’

असं का होतं, ठाऊक आहे? गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वाळूच्या जमिनीतला ढोबळ हिशेब असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. उपसा वाढून ही पातळी अर्धा मीटर उतरली, की खालचं खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकतं!

भाचीनं लगेच वहीत लिहिलं, ‘पंप हा शाप आहे.’

आजोबांनी ते वाचलं. म्हणाले, ‘पोरी, रहाटाच्या बैलामागं मी लहानपणी फिरलोय. पंप आला, म्हणून माझी मुलं वेळेवर शाळेत गेली. तेही लिही. आणि टँकर भरून पाणी बाहेर जायचं ना, त्यात माझ्या विहिरीचंही होतं. तेही लिही.’

भाचीनं वाक्य खोडलं. बराच वेळ ती गप्प होती.

परतताना तिला सांगितलं, इथल्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी ‘हरित वसई संरक्षण समिती’नं मोठी चळवळ केली. तिचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो शास्त्रज्ञ नव्हते, मराठी लेखक होते. २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

घरी आल्यावर तिनं दोन ताटल्या उन्हात ठेवल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तेवढंच नळाचं. पाणी वाळल्यावर विहिरीच्या ताटलीत जास्त पांढरा थर उरला.

‘समुद्राचं मीठ!’ ती ओरडली.

‘नक्की? जमिनीतले इतर क्षारही असू शकतात.’

तिनं विचार केला आणि लिहिलं, ‘विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त आहेत. ते कुठले, हे प्रयोगशाळेत तपासावं लागेल.’

मित्रांनो, विज्ञानावर लिहायचं ते असंच. पाहिलं तेवढं लिहायचं, आणि ज्यांना फायदा झाला, ज्यांना झळ बसली, त्या सगळ्यांना विचारायचं. कधी कधी ती दोन्ही माणसं एकच असतात, बरं का!

निबंधाचं पहिलं वाक्य अखेर तिचं तिलाच सापडलं : ‘आजोबांनी पंप बसवला, तेव्हा विहिरीचं पाणी गोड होतं.’

तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी कसं आहे? वही घ्या आणि विचारून या.