खोळंबा

जर्मनच्या ताटलीत दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी होती. चंपी ताटलीला पाठ करून गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघत बसली होती. दुधावर साय धरली तरी तिने तोंड लावलं नाही. "सुतक पाळतीय," शेजारची म्हातारी म्हणाली. मामी चुलीपुढून उठून दारात आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रुसली नाही गं ती. खोळंबलीय."

हा शब्द माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मामाचं घर जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ, उसाच्या मधोमध. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसाच्या आडोशाला बिबट्या आला. मादी तिथेच विते, तिथेच पिल्लं वाढवते. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी विष्ठेवरून बिबट्यांचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशोबाने सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. गावात हा आकडा कुणाला ठाऊक नसेल. पण कुणाच्या ओट्यावरचं कुत्रं कधी गेलं, ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. मामाचा मोती गेला तो ऊस तुटायच्या आधी. सकाळी सरीत फरफटल्याची खूण होती आणि बांधावर गळ्यातला पट्टा. चंपी गव्हाणीखाली अंग चोरून बसलेली सापडली. तिने सगळं ऐकलं असणार.

मोती आधीचा. चंपीला कुणीतरी ओढ्याकाठी सोडून दिलं होतं, डोळे नुकते उघडले होते तेव्हा. मामाने तिला सदऱ्याच्या ओच्यात घालून आणली आणि पडवीत ठेवली. मोती आधी गुरगुरला, मग हुंगून बाजूला झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्याभोवती वेटोळं करून निजला. त्याचा डावा कान तिने चावून चावून कायमचा दुमडून टाकला. तो हूं का चूं करत नसे. गाडीरस्ता ओलांडायचा कसा, बैलांच्या मागच्या पायांपासून किती लांब राहायचं, कोंबड्यांकडे बघायचं नाही, हे सगळं त्याने तिला शिकवलं. तो थांबला की ती थांबायची. अनोळखी माणूस आला की तो भुंकायला पुढे जायचा आणि ती त्याच्या कुशीआडून आवाज द्यायची. एकटी असली की भुंकत नसे. तिचं अर्धं धाडस त्याच्याकडे ठेवायला दिलेलं होतं, असं मला वाटतं.

जेवणाची तर ठरलेली रीत होती. मामी दोन ताटल्या मांडायची, पण दोघं एकदम कधी जेवली नाहीत. मोती आधी खायचा, ताटली चाटून लख्ख करायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि अंग झाडायचा. त्याचे कान फटफट वाजायचे. तो आवाज झाला की चंपी मान खाली घालायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मोती गेल्यावर भाकरी होती, दूध होतं, भूकही होती. आधी खाणारं कुणी नव्हतं.

मामाने अंडी फोडून घातली, मटणाचे तुकडे घातले, हाताने भरवून पाहिलं. ती तोंड फिरवायची. मग एका संध्याकाळी तो आपलं ताट घेऊन पडवीत आला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला. पिठलं-भाकरी खाल्ली, ताटात हात धुतला, उठून दोन पावलं मागे सरला आणि खांद्यावरचा टॉवेल झटकला. चंपीने मान खाली घातली. टॉवेलाच्या आवाजाने की मामा जेवून उठला म्हणून, सांगता येणार नाही. पण त्यानंतर मामा कित्येक दिवस पडवीतच जेवला. पाहुणे आले तरी. मामी कधी त्याला आत बोलवायला गेली नाही.

कुत्र्याच्या दुःखाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो, पण त्या सगळ्या माणसांसाठी केलेल्या दुःखाच्या. टोकियोतल्या शिबुया स्टेशनावर हाचिको १९२५ ते १९३५ धन्याची वाट बघत राहिला. रायगडावरच्या वाघ्याची कथा, तिच्या खरेपणावर कितीही वाद झाले तरी, प्रत्येक मराठी मुलाच्या कानावर पडते. कुत्रं कुत्र्यासाठी झुरलं, ही गोष्ट सांगायला कुणी बसत नाही, कारण त्या गोष्टीत आपण नसतो.

महाभारताने मात्र कुत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या कुत्रीची गोष्ट सांगितली आहे, तीही आदिपर्वात, अगदी आरंभी. जनमेजय कुरुक्षेत्री सत्राला बसला होता. तिथे सरमेचं पोर आलं आणि राजाच्या भावांनी त्याला बडवलं. ते रडत आईकडे गेलं. सरमा देवांची कुत्री. ती यज्ञमंडपात येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, याने हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलं नाही, मग का मारलंत? त्या तिघा भावांना उत्तर देता आलं नाही. तिने शाप दिला, तुम्हाला न दिसणारं भय येईल. शेवटाकडे युधिष्ठिराच्या मागून स्वर्गाच्या वाटेने चाललेलं कुत्रं सगळ्यांना आठवतं. मला ही आरंभीची आई जास्त मोठी वाटते. पितृपक्षात आपण कुत्र्यासाठीही घास काढून ठेवतो, आपल्या मेलेल्यांच्या नावाने. त्यांच्या मेलेल्यांसाठी काय करायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इटलीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. दोन किंवा जास्त कुत्र्यांपैकी एक गमावलेल्या ४२६ जणांना त्यांनी प्रश्न विचारले. ८६ टक्के लोकांना मागे राहिलेल्या कुत्र्यांत बदल दिसले होते. ती माणसाला चिकटून राहू लागली, खेळेनाशी झाली, भित्री झाली, जेवण कमी झालं. एक चतुर्थांश घरांत हे सहा महिन्यांहून अधिक चाललं. दोघांचं नातं मैत्रीचं किंवा आई-लेकरासारखं असलं की फरक मोठा, आणि घरातलं माणूस जितकं खचलेलं, तितकं कुत्रंही खचलेलं. हे वाचलं तेव्हा मला मामी दिसली. मोती गेल्यावर ती पडवी झाडायची टाळत होती. चंपी दिवसभर तिच्या पदराला लागून फिरायची आणि मामी डोळे पुसून म्हणायची, "ही मला सुचू देत नाही." कोण कुणाला सुचू देत नव्हतं, देव जाणे.

लोकांनी सल्ला दिला, दुसरं पिल्लू आणा. मामाने ऐकलं नाही. त्याने आधी पडवीला लोखंडी जाळी मारून घेतली आणि रात्री चंपीला आत घ्यायला सुरुवात केली. मला तो निर्णय पूर्ण पटतो. दुःखात असलेल्या कुत्र्यासमोर नवं पिल्लू टाकणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे. जेवायची वेळ, फिरायची वाट, झोपायचं पोतं, जे होतं तसं राहू द्यावं. गेलेल्याचं अंथरूण लगेच धुऊन टाकू नये, वास हळूहळू जाऊ द्यावा. आणि सगळंच दुःख समजू नये: गोचीडतापासारखा आजार एकाच अंगणातल्या दोघांनाही होऊ शकतो, म्हणून दिवसभर अन्नाला शिवलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

हे घरातल्या कुत्र्यांचं झालं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्याही अशाच जोड्या असतात. पानटपरीच्या फळीखाली एकमेकांच्या पाठीवर मान टाकून निजणाऱ्या. त्यातलं एक नसबंदीसाठी गाडीत घालून नेलं की दुसरं रात्रभर केकाटतं आणि आपण खिडकी लावून घेतो. नेलेलं कुत्रं शस्त्रक्रियेनंतर, बरं झाल्यावर, जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, असं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सांगितलं आहे. तेव्हा गाडी आली की खाली उतरा, त्या कुत्र्याचा फोटो काढून ठेवा, आणि गाडीवाल्यांना परत आणायचा दिवस विचारून घ्या.