माडीवरची जमीन आणि तिच्या फटी

लाकडाच्या बारीक कपच्या राळेत कालवून, त्यांना उष्णता व दाब देऊन जे तक्ते तयार करतात त्यांना चिपबोर्ड किंवा पार्टिकल बोर्ड म्हणतात. असेच तक्ते उसाच्या चिपाडापासूनही होतात. अखंड फळीतील तंतू एकाच दिशेने धावत असल्यामुळे ती ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. चिपबोर्डमधील कपच्या वाटेल तशा पसरलेल्या असतात, म्हणून तो लांबी-रुंदीत सारखाच थोडाथोडा वाढतो, पण जाडीत बराच फुगतो. आणि दाबून बसवलेल्या कपच्या पाण्याने एकदा सैल झाल्या, की तक्ता वाळल्यावरही पहिल्या जाडीवर येत नाही. चिपबोर्डची जमीन करताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गुणधर्माकडे दुर्लक्ष केल्याने होतात, हे प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला शिरूर येथील जुन्या घराच्या माडीवर अनुभवाने कळले.

हे घर कडीपाटाचे आहे. म्हणजे तुळयांवर ठरावीक अंतराने कड्या, कड्यांवर सागवानी फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर, अशी त्याच्या माडीची रचना होती. फळ्यांमध्ये फटी पडतच असत, परंतु वरची माती आणि दर आठवड्याचे शेणाचे सारवण त्या बुजवत राही. सारवणाला भेग पडली तरी पुढच्या सारवणात ती मिटे, त्यामुळे हे फट भरण्याचे काम कधी संपत नसे आणि कधी अंगावरही येत नसे. पुढे माती काढून टाकल्यावर फळ्या उघड्या पडल्या आणि माडीवर कोणी चालले की खालच्या स्वयंपाकघरात, कधी मळलेल्या कणकेवरसुद्धा, धुळीची बारीक रेघ उतरू लागली. झिजलेल्या फळ्या काढून कड्यांवर १८ मिलिमीटर जाडीचे चिपबोर्ड टाकण्याचा निर्णय त्यातून झाला.

पहिले काम वैशाखात झाले. तक्ते टेम्पोतून उतरवून त्याच दिवशी ठोकले गेले, ते चारही भिंतींना घट्ट भिडवले गेले, आणि मधल्या सांध्यांत रंगारी वापरतात ती कडक लांबी भरून वरून रंग दिला गेला. शिरूर तालुका पर्जन्यछायेत येतो. येथील उन्हाळ्याची हवा अतिशय कोरडी असते, तर आषाढापासून तीच हवा दमट होते. वैशाखात आक्रसलेले तक्ते श्रावणात फुगले, त्यांना पसरायला जागा मिळाली नाही, लांबीचा भुगा होऊन ती सांध्यांतून बाहेर आली आणि खोलीच्या मध्यभागी जमीन हाताला जाणवेल इतकी उचलली गेली. खिडकीजवळ पावसाचे पाणी मुरलेल्या तक्त्याची कड मोजली, तेव्हा ती १८ ऐवजी २१ मिलिमीटर भरली.

दुरुस्तीसाठी आलेले सुतार दौंडचे होते आणि त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. उचललेली जमीन पाहून त्यांनी आधी रुळांची गोष्ट काढली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी ऐकलेला गाडीचा खडखडाट हा दोन रुळांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटीचा आवाज होता. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साधारण पाच मिलिमीटर वाढतो आणि त्याला जागा दिली नाही तर तो वाकतो. तक्त्यालाही तशीच जागा लागते, फक्त त्याचा हंगाम उलटा असतो. रुळाची फट उन्हाळ्यात मिटते, तर तक्त्याची फट भीमाकाठच्या काळ्या रानातील भेगांप्रमाणे उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते.

दुसरे काम दिवाळीनंतर, हवा मध्यम असताना, हाती घेण्यात आले. तक्ते दोन दिवस त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून मोकळे ठेवले, जेणेकरून ते तेथील हवेशी जुळावेत. कड्यांची पाणसळ तपासली. तक्त्यांची टोके कड्यांवरच टेकतील आणि शेजारच्या ओळींतील सांधे विटांच्या बांधकामाप्रमाणे एकमेकांना चुकवतील, अशी मांडणी केली. कडांना खाच पाडून तीत प्लायवुडची पट्टी सरसासह बसवली, त्यामुळे सारे तक्ते मिळून एकच अखंड तक्ता झाला आणि मधल्या सांध्यांत भरण्यासारखे काही उरले नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले, कारण कड्या वाळल्या की खिळे सैल होतात आणि जमीन करकरते. जमिनीच्या दर मीटरला दोन मिलिमीटर जागा सोडावी आणि भिंतीलगत ती १० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, हा प्रचलित ठोकताळा पाळला. ती फट झाकणारी लाकडी पट्टी भिंतीला ठोकली, जमिनीला नाही. म्हणून जमीन तिच्याखाली सरकू शकते.

सज्जाकडील सागवानी फळ्या तशाच ठेवल्या होत्या. त्यांच्या रुंद फटींत सागाच्याच पातळ पट्ट्या रंध्याने तासून बसवल्या आणि प्रत्येक पट्टीला एकाच बाजूने सरस लावला. दोन्ही बाजूंनी लावला असता तर आक्रसणाऱ्या फळ्यांनी पट्टी तरी फाडली असती किंवा त्यांनाच तडा तरी गेला असता. अरुंद फटींत सुतळी दाबून बसवली. भुसा आणि फेविकॉल यांचे मिश्रण केवळ खिळ्यांच्या जुन्या भोकांत भरले, कारण तेथे हालचाल होत नाही.

त्यानंतरच्या वैशाखात भिंतीलगतची फट १० मिलिमीटर भरली, भाद्रपदात ती ८ झाली आणि पुढच्या वैशाखात पुन्हा १०. मधली जमीन सपाट राहिली. खाली स्वयंपाकघरात कणीक आता उघडी ठेवता येते, आणि सारवण जे काम दर आठवड्याला नव्याने करी, ते आता भिंतीकडेची मोकळी जागा वर्षभर करत असते.