एका शिफारसपत्राची गोष्ट





ऑगस्ट 2025 मध्ये आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. दहावीपर्यंत ती आपल्याच शाळेत होती. 2024 साली मंडळाची परीक्षा दिल्यावर तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती दक्षिणेतल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत गेली. वडील कापड बाजारात हिशेबनीस आहेत, शिष्यवृत्तीवाचून हे घडले नसते. ती म्हणाली, "सर, मी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करते आहे. तिथे नववीपासूनची चारही वर्षे दाखवावी लागतात. त्यातली पहिली दोन आपल्या शाळेची आहेत."

आम्हाला वाटले, यात काय मोठेसे! तासाभरात दोन्ही अंकसूची काढल्या, चरित्र प्रमाणपत्र जोडले, शिक्का मारला. त्या प्रमाणपत्राचा मजकूर अनेक पालकांना तोंडपाठ असेल. सदर विद्यार्थिनी शाळेची नियमित छात्रा असून तिचे आचरण उत्तम आहे, वगैरे. असे किती कागद आम्ही सह्या करून दिले असतील, त्याची गणती नाही.

आठवड्याने तिच्या नव्या शाळेतल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. अतिशय नम्रपणे त्या म्हणाल्या की कागद पोहोचले, पण त्यांत मुलगी कुठे दिसत नाही. आपली शाळा कशी आहे, वर्गात किती मुले असतात, कोणकोणते विषय शिकवले जातात आणि या सगळ्यात ही मुलगी काय करत होती, एवढे लिहून द्याल का?

खरे सांगायचे तर आम्हाला थोडा रागच आला. आमचे पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून, इथेच इंदूरला झाले. आमच्या काळी प्रवेश म्हणजे भिंतीवर लागलेली यादी. यादीत नाव असले तर फी भरायची, नसले तर दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरायची. आजही आपली मुले जेईई किंवा नीट देतात, तेव्हा त्यांच्या प्राचार्यांना कुणी काही विचारत नाही. मग ही चौकशी कशासाठी?

बाईंनी समजावून सांगितले, ते पालकांनाही कळावे म्हणून इथे देतो. तिच्या शाळेत आयबी डिप्लोमाचा अभ्यासक्रम आहे. सहा विषय, प्रत्येकाला जास्तीत जास्त 7 गुण, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक निबंध आणि ज्ञानमीमांसेसारखा एक विषय मिळून 3 गुण. एकूण 45. परीक्षा मे महिन्यात आणि निकाल जुलैत. पण विद्यापीठांचे अर्ज आधीच्या नोव्हेंबर-जानेवारीत जातात आणि निर्णय मार्चअखेर होऊन जातो. म्हणजे अंतिम गुण कुणाच्याच हातात नसताना निवड होते. शिक्षकांनी अंदाजाने दिलेले गुण, मुलीने स्वतः लिहिलेला साडेसहाशे शब्दांपर्यंतचा निबंध आणि शाळांची पत्रे, यांवर बराच भार पडतो. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातले पाच अर्जही मंजूर होत नाहीत. उत्तम गुणांची मुले तर ढिगाने असतात. त्यांतून निवडायचे, तर मूल कोणत्या परिस्थितीत काय करत होते, हे पाहिले जाते. आणखी एक गोष्ट आम्हाला नवीनच कळली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याचीही निवड करताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाली तर गरजेइतके साहाय्य देतात. हिशेबनिसाच्या मुलीने तिकडे अर्ज करावा, यात वेडेपणा काहीच नव्हता.

आम्ही लिहायला बसलो आणि पाच ओळींच्या पुढे सरकेना. हुशार, मेहनती, आज्ञाधारक. पुढे काय? दोन वर्षे आमच्या शाळेत वावरलेल्या मुलीविषयी आमच्याकडे सांगण्याजोगे काही नव्हते. दप्तर पाहिले तर अंकसूचीखेरीज तिची एकच नोंद सापडली, तीही शिस्तीच्या वहीत. जुलै 2022, परवानगीशिवाय गच्चीवर गेली, समज दिली. सही आमचीच.

शिपाईकाकांना विचारले. ते हसले. "सर, ती बरणी बघायला जायची." विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेच्या कपाटातून एक वही काढून दिली. पेठ्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीचे तोंड कापून तिने पर्जन्यमापक केला होता. 2022 आणि 2023 या दोन्ही पावसाळ्यांतील नोंदी होत्या. शेजारी वर्तमानपत्रातले शहराचे आकडे, आणि दोहोंत फरक का पडतो याविषयी तिचे तर्क. सप्टेंबर 2023 च्या अतिवृष्टीत बरणी भरून वाहिली, त्या दिवशी तिने प्रामाणिकपणे लिहिले होते : आज माप चुकले, बरणी लहान पडली. आम्ही रागावल्यावर ती काकांना घेऊन, रीतसर किल्ली मागून वर जात असे. आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

मग मात्र पत्र लिहिले गेले. मराठीतच लिहिले, आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्याचे भाषांतर केले. तिला रागावलो होतो, तेही त्यात घातले आणि का रागावलो ते आम्ही विचारले नव्हते, हेही घातले. इंग्रजीचे सर म्हणाले, एवढे कशाला? पण ते काढले तर वहीची गोष्ट अर्धीच राहिली असती.

विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की अकरावीला शाळा सोडून गेलेल्या मुलीसाठी एवढा खटाटोप का? प्रश्न रास्त आहे. त्याच बैठकीत दुसऱ्या सदस्यांनी आनंदीबाई जोशींची आठवण काढली. 1883 साली त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला, तेव्हा आपली बाजू त्यांनी स्वतःच पत्र लिहून मांडली होती. आमच्या मुलीला निदान शाळेचे पत्र तरी मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे. चर्चा तिथेच थांबली.

1 नोव्हेंबरच्या मुदतीत तिने ज्या विद्यापीठाला अर्ज केला होता, त्याचे उत्तर डिसेंबरात आले. नकार नाही, होकारही नाही. निर्णय मार्चवर ढकलला आहे. आणखी काही ठिकाणी तिने जानेवारीत अर्ज पाठवले. फोनवर आवाज थोडा उतरलेला होता. मग म्हणाली, "सर, ती वही अजून आहे का? जपून ठेवा." वही कार्यालयाच्या कपाटात आहे.

जुन्या प्रमाणपत्रांचे छापील गठ्ठे अजून शिल्लक आहेत आणि नोकरीच्या किंवा वसतिगृहाच्या कामाला ते चालतीलही. नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाला मात्र आम्ही एक कोरी वही दिली आहे. दर सत्रात प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी, त्यांत गुण लिहायचे नाहीत. पालकांना विनंती की घरी मुलगा किंवा मुलगी कशात रमते ते वर्गशिक्षकांना येऊन सांगावे. दुपारच्या सुटीत ते भेटतात.