काळी लोकर

सांगोल्याजवळच्या शेतघरात आम्ही मैत्रिणी पुन्हा जमलो आहोत. जेवणं उरकली की कडुनिंबाखाली सतरंजी पडते, पिशव्यांतून सुया, क्रोशे, लोकरीचे गुंडे बाहेर येतात. हात गुंतलेले असले की बोलणं मोकळं होतं. फोनवर कधीच निघत नाहीत असे विषय इथे निघतात.

आज घोंगडी विणणाऱ्या सणगर मावशींकडे गेलो. दख्खनी मेंढीची लोकर, वर्षातून साधारण दोनदा कातरलेली. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ताण्याला कुंच्यानं लावतात; त्यानं धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. मावशींनी सूत हातात दिलं. काळंभोर, खरखरीत, किंचित तेलकट, मेंढीचा वास अजून तसाच. माझी अॅक्रिलिक लोकर त्यापुढे निर्जीव वाटली.

अशी लोकर कवडीमोलानं जाते, पुष्कळदा फेकूनही दिली जाते, याचा मला खरंच राग येतो. माळावर पावसाथंडीत मेंढपाळाला घोंगडीनंच ऊब दिली!

सुमी म्हणाली, “याची टोपी विणू या.”

“टोचेल गं. आसनं करू.”

मावशींकडून सूत विकत घेतलंय. जाड सुया लागतील.