उन्हाच्या माथी खापर

धुळ्याच्या मावशीकडे अजून खापर आहे. मातीचं, पालथं ठेवायचं, पाठीकडून गुळगुळीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते माळ्यावरून खाली उतरतं, चुलीवर चढतं, आणि मावशी दोन्ही हातांवर झेलत झेलत पुरणाचा मांडा कोपरापर्यंत वाढवून त्याच्यावर टाकते. लहानपणी मी एकदा मदतीच्या उत्साहात ओल्या हातानं खापर पुसायला गेलो, तेव्हा ती ओरडली होती, "तपेल खापरवर पानी नको टाकू रे!" खापर आगीला भीत नाही. एक भाग तापलेला आणि एक भाग गार, हे त्याला सोसत नाही. तडकतं ते तिथं.

हे मला तीस वर्षांनी लॅपटॉपमुळे समजलं.

लॅपटॉप २०१२ साली पुण्यात घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तसलाच अनुभव दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनीही घेतला आहे, आणि एकीचं नाव घेतलं की बाकीच्या उगीच सोवळ्या ठरतात. वर्ष भरायला महिना राहिला असताना, मे महिन्यात, जळगावच्या घरी पडद्यावर उभ्या रेघा आल्या. आधी दोन, मग पातळाच्या काठासारखा पट्टाच. मग काळोख. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आतून हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू येतेय, पण तोंड दाखवत नाही. रुसलेलं माणूस दाराला आतून कडी लावून बसतं, तसं.

सेवा केंद्रातल्या मुलानं पत्ता वाचला आणि यंत्र उघडायच्या आधीच निदान केलं. "जळगाव का? तुमच्याकडे टेम्परेचर फार ना, सर." वॉरंटी होती म्हणून बोर्ड बदलून मिळाला. मीही मान डोलावली. जळगावचा माणूस उन्हाबद्दल वाद घालत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि बाहेरगावचे लोक आमच्याशी बोलताना केळी, भरीत आणि ऊन या तीन विषयांपलीकडे सहसा जात नाहीत. आपल्याच गावच्या उन्हाचा गुन्हा मी बिनतक्रार कबूल केला.

पुढे २०१५च्या जानेवारीत मी धुळ्याला होतो. राजवाडे संशोधन मंडळात काही जुने कागद बघायचे होते. धुळ्याची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ती खोटी वाटते. पांझरेच्या काठानं सकाळी वारा सुटला की कानाच्या पाळ्या बधिर होतात. तशा त्या सकाळी, मावशीच्या ओट्यावर, गोधडी पांघरून मी लॅपटॉप उघडला आणि त्याच रेघा. तोच काठ, तोच काळोख. वॉरंटी संपून दीड वर्ष झालेलं. सेवा केंद्राला फोन केला तेव्हा पलीकडचा आवाज वेगळा होता, पण चाल तीच. "हल्ली थंडी फार आहे ना, सर."

इथं मात्र मला हसू आलं, आणि हसल्यावर राग आला. म्हणजे यंत्र मेमध्ये गेलं तर ऊन, जानेवारीत गेलं तर थंडी. मधल्या पावसाळ्यात गेलं असतं तर दमट हवा ठरलेलीच होती.

परतताना एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी: नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, त्या वेळी खड्ड्यांचाच. जळगावात उतरलो तो सरळ गोलाणी मार्केटमध्ये. जळगावकराला गोलाणी म्हणजे काय ते सांगायला नको. मोबाइल, संगणक, प्रिंटरची शाई, काचेचे संरक्षक कागद, आणि त्या सगळ्याच्या मध्ये भिंग लावून बसलेली पोरं, ज्यांच्या हातात डिग्री नसेल पण सोल्डरिंगची सळई आहे. त्यातल्या एकानं मागचं झाकण काढलं, पंख्याच्या जाळीतून कापसाच्या रुईचा चिमूटभर गोळा चिमट्यानं ओढून मला दाखवला (खानदेशातल्या यंत्रांत कापूस निघायचाच), आणि म्हणाला, "सर, हा तं फक्त कचरा आहे. दुखणं चिपमधी आहे. हीट देतो. चालू तं होईन. टिकीन का नाही, ते नका विचारू."

गरम हवेच्या बंदुकीनं त्यानं त्या चौकोनी चिपला शेकलं. दहा मिनिटांत पडदा उजळला. शंभर टक्के चमत्कार. मी पैसे काढले तर म्हणाला, "महिनाभर चालला तर द्या." इतका सरळ दुकानदार मी पुन्हा पाहिला नाही. लॅपटॉप आखाजीपर्यंत चालला. मांडे झाले, खापर माळ्यावर गेलं, आणि त्याच आठवड्यात रेघा आल्या. मी पैसे नेऊन दिले आणि म्हटलं, आता शेकू नकोस, समजावून सांग.

त्यानं एक मेलेला बोर्ड काढून दाखवला. मधला काळा आरशासारखा तुकडा म्हणजे सिलिकॉनची चिप. ती एका हिरव्या पातळ पट्टीवर बसलेली, आणि दोघांच्या मध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या धातूच्या शेकडो टाचण्या. ती पट्टी पुन्हा मोठ्या बोर्डावर बसवलेली, तिथं डोळ्याला दिसतील असे कथलाचे मणी. चिप तापली की फुगते, निवली की आखडते. पण सिलिकॉन फुगतं ते एका अंशाला दहा लाखांत तीन भाग, आणि खालची पट्टी पंधरा भागांच्या आसपास. हे आकडे मी नंतर पुस्तकातून काढले. चिपच्या मध्यापासून कोपऱ्याकडे सात-आठ मिलिमीटर धरले आणि साठ अंशांचा चढउतार धरला, तर कोपऱ्याजवळ दोघांत पाच-सहा मायक्रॉनची ओढाताण होते. केसाच्या जाडीचा दहावा-बारावा हिस्सा. एवढीशी. पण दिवसातून चार वेळा, वर्षभर, रोज. तार वाकवून वाकवून तोडतात तशी टाचणी तुटते. शेकल्यावर तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, जुळत नाहीत. खालचे मणी नवे बसवले, ज्याला ही मंडळी ‘रिबॉल’ म्हणतात, तरी तूट वरच्या टाचणीत असेल तर उपयोग नाही. आणि नव्या बोर्डावर चिप त्याच घडणीची असेल तर दुखणंही नव्यानं सुरू.

मावशीचं खापर, दुसरं काय!

आता उन्हाचा हिशेब. हिशेब ढोबळ आहे, पण करून बघा. वातानुकूलित कचेरीत चिप बावीस अंशांवरून ऐंशीवर जाते आणि पुन्हा उतरते: अठ्ठावन्न अंशांचा झोका. जळगावच्या मेमध्ये खोलीच चाळीस अंशांची, चिप जाते पंच्याण्णववर: पंचावन्न. तळ वर सरकला तसा माथाही वर सरकला. झोका तेवढाच राहिला. उलट धुळ्याच्या थंडीत सकाळी दहा अंशांवरून सुरुवात होते, म्हणजे तिथंही झोका काही लहान होत नाही. ऊन अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चिपच्या खाली टाचण्यांना आधार द्यायला जो डिंकासारखा पदार्थ भरतात तो जास्त तापला की मऊ पडतो, आणि मग सगळा भार टाचण्यांवर येतो. पण नेहमीच्या कामाच्या तापमानालाच मऊ पडणारा डिंक निवडला, तर तो निवडणाऱ्याचा दोष. सूर्याचा नव्हे.

हे मी मनचं सांगत नाही. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया या अमेरिकी चिपवाल्या कंपनीनं जाहीर केलं की तिच्या आधीच्या पिढीतल्या लॅपटॉपच्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत, आणि त्या खर्चापोटी तिनं पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. कारण म्हणून चिप आणि तिच्या बैठकीतला कच्चा माल सांगितला. पण त्याच दमात लॅपटॉपमधली उष्णता काढण्याची रचना आणि गिऱ्हाइकाची वापरण्याची पद्धत हीही कारणं जोडली. वापरण्याची पद्धत! लॅपटॉप चालू करणं आणि बंद करणं, याशिवाय गिऱ्हाईक दुसरं काय करतं? एचपी आणि डेलनं काही मॉडेलांची वॉरंटी वाढवली आणि पंखा जास्त वेळ फिरेल असं सॉफ्टवेअर दिलं. म्हणजे दुखण्यावर वारा घातला. अ‍ॅपलनं त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या मॅकबुक प्रोची मोफत दुरुस्ती मान्य केली. अमेरिकेत एनव्हिडियावर खटला झाला, २०१० साली तडजोड झाली, आणि तिचा लाभ अमेरिकेत खरेदी करणाऱ्यांना. तिथंही काही एचपीवाल्यांना महागड्या यंत्राच्या बदल्यात साधं कॉम्पॅक मिळालं, म्हणून ते भांडले. पुढे २०११च्या मॅकबुक प्रोत एएमडीच्या चिपा होत्या, तरी पडद्याची तीच रड. अ‍ॅपलची दुरुस्ती योजना आली फेब्रुवारी २०१५मध्ये, यंत्रं चार वर्षांची झाल्यावर.

माझा लॅपटॉप यांपैकी कुठल्याच यादीत नव्हता. वेगळी कंपनी, वेगळी चिप, वेगळं साल. याद्या चाळताना मला जाणवलं ते एवढंच, की हजारो माणसं आपापल्या खोलीत एकटी बसून तेच समजत होती: आपणच नीट वापरलं नाही. काहींनी तर लॅपटॉप चालू ठेवून टॉवेलात गुंडाळला होता, स्वतःच्याच तापानं शेकला जाऊन दोन दिवस उजळावा म्हणून. काहींनी बोर्ड स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजला.

गुंडाळण्यावरून आठवलं. मोडी कागदांच्या गठ्ठ्याला दप्तरवाले ‘रुमाल’ म्हणतात, कारण तो फडक्यात बांधलेला असतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून असे कागद जमवत राहिले, ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं तिथं मंडळ उभं राहिलं. त्या जानेवारीत माझ्यासमोर रुमाल सोडला गेला तेव्हा कागद कडांना पिवळा पडलेला होता, शाई मात्र काल लिहिल्यासारखी. त्यानं धुळ्याचे शंभरएक उन्हाळे पाहिले असतील. त्याची नक्कल करायला नेलेलं माझं यंत्र तीन पाहून संपलं. ही तुलना अन्यायाची आहे, मला कळतं. कागदातून वीज वाहत नाही. पण त्या टेबलावर बंद लॅपटॉप बाजूला सारून मी पेन्सिलीनं नक्कल केली, तेव्हा मला ती अन्यायाची वाटली नाही.

बऱ्याच लॅपटॉपच्या पुस्तिकेत, कुणी न वाचणाऱ्या पानावर, वापरायचं कमाल तापमान पस्तीस अंश छापलेलं असतं. जळगावात मार्च ते जून दुपारी ते सहज ओलांडलं जातं. तेव्हा एक तर या चार महिन्यांत आमच्या जिल्ह्यात लॅपटॉप विकू नयेत, किंवा बिलावर ठळक अक्षरांत तसं लिहावं. विकताना पिनकोड चालतो आणि दुरुस्तीच्या वेळी तोच पिनकोड आडवा येतो, हे मला पटत नाही.

ग्राहक कायद्याखाली तक्रार मी केली नाही. लॅपटॉप पुण्याचा, मी जळगावचा. तिकडे खेटे कोण घालणार, म्हणून दोन वर्षांची मुदत घालवली. चूक माझी. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वस्तू कुठूनही घेतलेली असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत मात्र अजून दोनच वर्षांची. आणि दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची सोय १९८६च्या कायद्यातही होती, आताही आहे.

पण त्यासाठी कागद लागतो. माझ्या जॉबशीटवर नुसतं ‘दुरुस्त’ लिहिलं होतं. कशानं, ते नाही. म्हणून ज्यांच्या पडद्यावर आज पहिली रेघ आली असेल त्यांनी तिचा तारखेसह फोटो काढावा, आणि यंत्र परत घेताना पावतीवर लिहून घ्यावं: चिपला हीट दिली, की चिप बदलली, आणि बदलली असेल तर तिचा क्रमांक.