पगार, पाव आणि तांबडा गहू

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्या पंधरवड्यातच एक शब्द वाटेत गाठतो. पी, ए, जी, ए, आर. वाचायला जावं तर सरळ ‘पगार’. स्पॅनिशमध्ये हे क्रियापद आहे. अर्थ पैसे देणं, चुकते करणं. दिवसभर पगारासाठी राबून आलेला माणूस रात्री साडेदहाला डोळे चोळत वही उघडतो आणि परक्या भाषेच्या पानावर त्याला आपलाच पगार भेटतो. झोप उडते. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

हा शब्द मराठीत पोर्तुगिजांबरोबर आला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज उत्तर कोकणातून गेले, त्यांचे शब्द मात्र घराघरांत राहिले: चावी, पाव, बादली, घमेलं, पगार. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, लॅटिनच्या लेकी. म्हणून पाव तिकडे ‘पान’ होतो आणि बादली ‘बाल्दे’. चावीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. स्पॅनिशमध्ये तिला ‘यावे’ म्हणतात. पोर्तुगीज शब्दाच्या तोंडी जिथे ‘च’ होता, तिथे स्पॅनिशमध्ये पुष्कळदा ‘य’ ऐकू येतो. आजच्या लिस्बनमध्ये त्या ‘च’चा ‘श’ झाला आहे. पण पोर्तुगीज कोकणात उतरले तेव्हा ते ‘च’च म्हणत, आणि तो जुना ‘च’ मराठी तोंडाने आजवर जपला. मेक्सिकोत ‘यावे’ म्हणजे नळसुद्धा. नळ काय, कुलूप काय, फिरवायचं एवढंच खरं.

कामाच्या रगाड्यात भाषा शिकणाऱ्याला अशाच गोष्टी तगवून धरतात. कारण बाकीचा हिशेब धडकी भरवणारा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्यांना सोप्या जाणाऱ्या भाषांमध्ये ती स्पॅनिशला बसवते, आणि तरीही कामापुरती पक्की व्हायला वर्गातले 600 ते 750 तास धरते. त्या अधिकाऱ्यांचं तेवढ्या काळात तेच काम असतं. रोज अर्धा तास काढणाऱ्याला हेच तास भरायला तीन ते चार वर्षं लागतात, तीही एकही खाडा न करता. खाडे तर होणारच. मार्चअखेर येते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं, मुलाची दहावी असते, गणपतीत घर माणसांनी भरून जातं.

नुकसान खाड्याने होत नाही, खाड्यानंतरच्या शरमेने होतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सलग दिवसांचा आकडा 143 वरून शून्यावर येतो आणि त्या शून्याकडे बघून माणूस वही मिटतो, ती कायमची. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये विस्मरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं स्वतःलाच निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले आणि किती वेळात किती विसरतो ते मोजलं. विस्मरण आधी झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं, ही त्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. दुसरी फारशी कोणी सांगत नाही. पूर्ण विसरलंय असं वाटणारं पाठांतर दुसऱ्यांदा करायला बसलं की पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे गणपतीत बुडालेले दहा दिवस पूर्ण बुडत नाहीत; आत कुठेतरी शिल्लक जमा असते. हे शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

अडचण नंतर येते, आठव्या-दहाव्या महिन्यात. सुरुवातीचे दिवस बोरघाट चढल्यासारखे असतात. बोगदे, दऱ्या, धबधबे, दर वळणावर काहीतरी नवं. मग लोणावळा मागे पडतं आणि पठार लागतं. गाडी थांबलेली नसते, उलट वेग वाढलेला असतो, पण खिडकीबाहेर बघून कितीसं अंतर कापलं ते उमगत नाही. या पठारावर पुष्कळ जण उतरून जातात. तिथे लागणारा शिधा वेगळा असतो, आणि मराठी माणसाजवळ तो बराचसा घरूनच बांधून आलेला आहे.

‘मे गुस्ता एल मांगो.’ मला आंबा आवडतो. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की ‘गुस्तान’, आवडतात. क्रियापद माणसाला सोडून आंब्याच्या मागे जातं, अगदी मराठीसारखं. इंग्रजीत आवडून घेणारा माणूस पुढे उभा असतो, त्यामुळे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं वाटतं आणि ते बसवायला त्याचे आठवडे जातात. मराठी घरातल्या पोराला ते जन्मतः येतं. त, द, र हे उच्चारही घरचेच. आणि गोष्टीतला राजा? तो शिकारीला ‘जाई’, राणी त्याची वाट ‘पाही’. हा रीतिभूतकाळ आता बोलण्यातून जवळजवळ गेला, पण आजीच्या आवाजात तो कानात बसलेला आहे. स्पॅनिशमध्ये याच कामाचा काळ रोज बाजारात वापरतात. ‘वीनो’, तो आला. ‘वेनिआ’, तो येई. इंग्रजी पुस्तकं हा फरक समजावायला पानंच्या पानं खर्च करतात, आणि मराठी माणूस ती पानं मुकाट्याने वाचतो. त्याने वहीत उजवीकडे इंग्रजी अर्थ लिहिणं आजच थांबवावं आणि मराठी लिहावा. स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खांद्यावरून बघण्यात प्रौढ विद्यार्थ्याची अर्धी उमेद जाते.

लोम्ब कातो या हंगेरियन बाई (1909 ते 2003) शिकल्या होत्या रसायनशास्त्र, आणि पोट भरलं दुभाषाचं काम करून. सोळा भाषांशी त्यांचं कमीअधिक सख्य होतं, त्यात स्पॅनिशही होती. आपल्याला उपजत देणगी आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. रोज भाषेशी थोडी तरी झटापट करा, वेळ नसेल तर दहा मिनिटं स्वतःशीच त्या भाषेत बोला, असं त्या सांगत. दहा मिनिटं म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या. ओट्याशी उभं राहून भाजीला, भांड्यांना, खिडकीतल्या तुळशीला स्पॅनिशमध्ये काहीबाही सांगता येतं. चुका झाल्या तरी तुळस ऐकून घेते.

पण पावाचा शब्द वर येऊन गेला, आणि पाव म्हटला की मेक्सिको सिटीतल्या एका भिंतीपाशी थांबावंच लागतं. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिवेराने 1920 च्या दशकात भित्तिचित्रं काढली. त्यातल्या एकाचं नाव ‘एल पान नुएस्त्रो’, आमची भाकर. टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि मधला माणूस पाव मोडतो आहे. तो माणूस वर्ध्याचा, असं मानलं जातं. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म 1884 चा. टिळकांच्या विचारांनी भारलेला विदर्भातला तरुण क्रांतीचं शिक्षण घ्यायला घराबाहेर पडला, जपानमार्गे अमेरिकेला पोहोचला, तिथे शेतीशास्त्र शिकला आणि तिथल्या भारतीयांनी इंग्रज राज्याविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीच्या पायाशी उभा राहिला. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढला. युद्ध संपलं, मायदेशाचं दार बंद होतं. बर्लिन झालं, मॉस्को झालं, आणि 1924 मध्ये तो मेक्सिकोत उतरला. वय चाळीस. ज्या वयात आज लोक म्हणतात, आता कुठे नवी भाषा!

मेक्सिको तेव्हा दहा वर्षांच्या क्रांतीतून नुकता बाहेर पडत होता. जमीनदारांच्या हासिएंदा, म्हणजे मोठमोठ्या शेतजहागिऱ्या, मोडून जमिनी गावांना द्यायचं काम चाललं होतं. अशाच एका जुन्या हासिएंदात, टेस्कोकोजवळच्या चापिंगोला, राष्ट्रीय कृषिशाळा भरू लागली होती. तिथे खानखोजे शिकवू लागले. त्या शाळेच्या भिंतीवर एक घोषवाक्य आहे आणि त्यातलं ‘एक्स्प्लोतार’ हे क्रियापद एकाच वेळी दोन अर्थ वाहतं. मराठीत त्याला दोन शब्द लागतील: इथे जमीन कशी कसायची ते शिकवतात, माणसाला कसं पिळायचं ते नाही. नव्या भाषेत असं एखादं क्रियापद हाती लागलं की पुढचा महिनाभर अभ्यासाला बसवावं लागत नाही.

शेतीच्या मास्तराला भाषेची चैन परवडत नाही. वर्गात पोरं बसली आहेत, बाहेर शेतात कणसं उभी आहेत, आणि ‘बी’, ‘दुष्काळ’, ‘दंव’ हे शब्द त्याच घटकेला तोंडात असायला हवेत. सेमिया, सेकिआ, हेलादा. मेक्सिकोच्या उंच खोऱ्यात एका रात्रीच्या हेलादाने, म्हणजे पीक जाळणाऱ्या दंवाने, मक्याचं शेत जातं. शेवटचा स्वर चुकून ‘ओ’ झाला तर ‘हेलादो’, आइस्क्रीम. खानखोजे दंवाला आणि अवर्षणाला तोंड देणाऱ्या वाणांवर काम करत राहिले, आणि मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी लिहिलं तेही स्पॅनिशमध्ये. वर्गात बसू न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा सुरू केल्या, ‘एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा’. त्या कामाची छायाचित्रं तीना मोदोत्तीने काढली. ती स्वतः इटलीतून येऊन मेक्सिकोत रुजलेली. या शाळा होत्या त्या मुलखातल्या काही गावांत घरची बोली नाहुआत्ल होती. म्हणजे शिकवणारा वर्ध्याचा, फोटो काढणारी इटलीची, शिकणाऱ्यांपैकी काहींची मायबोली नाहुआत्ल, आणि मधे सगळ्यांची मिळून स्पॅनिश. अशा शाळेत कोणाचे उच्चार कोणी हसण्यावारी नेणार?

इथे कोणाला उमेद टिकवायचे उपाय शोधावे लागले नाहीत. समोर माणूस होता, त्याच्या शेतात दंव पडणार होतं, आणि सांगण्यासारखं काहीतरी सांगणाऱ्याकडे होतं. पठारावर अडकलेल्या आजच्या विद्यार्थ्यानेही हेच आधी शोधावं: स्पॅनिशमध्ये कोणाला काय सांगायचंय? ग्वादालाहाराच्या सहकाऱ्याला हापूस कसा ओळखायचा ते? माद्रिदला शिकायला गेलेल्या भाचीच्या घरमालकिणीला पुरणपोळीची कृती? एवढंसं काम पुरतं. ते ठरलं की पुस्तकातला कुठला धडा आधी उघडायचा तेही ठरतं.

वीणा गवाणकरांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ लिहून हा माणूस मराठीत आणला. ‘एक होता कार्व्हर’ घरोघरी वाचलं गेलं, तसं हेही वाचलं जायला हवं. स्पॅनिशच्या वहीशेजारी तर नक्कीच. स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. जानेवारी 1967 मध्ये त्यांचं तिथेच निधन झालं. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला तो 2022 मध्ये.

त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, 1966 मध्ये, भारताने मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. ते कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या तिथल्या कामातून तयार झालं होतं. उत्पादन भरघोस होतं, पण दाणा तांबूस होता, आणि इथल्या घरांना पोळीसाठी पिवळसर गहू हवा असे. मग आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातूनच फिकट दाण्याचे वाण काढले. मूळ पोत्यांमधल्या एका वाणाचं नाव होतं ‘लेर्मा रोहो’. लेर्मा ही मेक्सिकोतली नदी. रोहो म्हणजे तांबडा.