बोट लागू नये म्हणून...

क्रूझ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? निळाशार समुद्र, डेकवरचा पूल, छोटी कागदी छत्री खोचलेलं कॉकटेल आणि इन्स्टावर टाकायला दोनशे फोटो. माझ्या डोळ्यांपुढे अगदी हेच होतं. आईच्या डोळ्यांपुढे मात्र उलटीची पिशवी होती.

तिचंही बरोबरच म्हणा. तिचं माहेर देवगडचं. मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीत चढायचं, डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची आणि देवगड येईपर्यंत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करायचं, हा तिचा बोटीचा अनुभव. त्यात बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, बोचकी, पोरंटोरं पडावात उतरवली जायची. मराठीत 'बोट लागणे' हा शब्द काही उगाच आलेला नाही! त्यामुळे तिच्या साठीनिमित्त मी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ बुक केली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ''पैसे देऊन कोण बोट लावून घेतं गं?''

तरी गेलो. पावसाळा सोडला तर हल्ली मुंबईहून क्रूझ सुटतात, एप्रिल २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. ऑफिसात कुणी ना कुणी 'पुढच्या लाँग वीकएण्डला क्रूझ करूया का?' असं विचारतंच. तुमचाही प्लॅन शिजत असेल तर मी केलेले घोळ तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हा प्रपंच.

पहिला घोळ, अर्थातच, खाण्याचा. 'फूड इन्क्लुडेड' हे दोन शब्द वाचले की आपल्यातला लग्नाच्या पंगतीतला माणूस जागा होतो. साधारणपणे तिकिटात बुफे, मुख्य डायनिंग रूम आणि साधा चहा-कॉफी-पाणी एवढं येतं. स्पेशालिटी रेस्टॉरंट, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, बारमधली फेसाळ कॅपुचिनो आणि सगळी दारू यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असतात, म्हणून बुक करताना काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही ती यादी आधी वाचा. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच सांगा. ऐन वेळी काउंटरवर हुज्जत घालून शेफ काही जादू करत नाही.

बोटीवर चढल्या चढल्या सगळी जनता बुफेवर तुटून पडते. मीही पडले. एकाच प्लेटमध्ये पनीर टिक्का, पास्ता, नूडल्स, त्याच्यावर रायता आणि कडेला गुलाबजाम! निम्मं तसंच राहिलं. आई काही बोलली नाही. तिने आपली प्लेट चाटूनपुसून संपवली, मग माझ्या प्लेटमधला गुलाबजाम उचलून खाल्ला आणि उरलेल्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यानंतर तीन दिवस मी आधी रिकाम्या हाताने पूर्ण बुफेला एक प्रदक्षिणा घालायचे आणि मगच प्लेट उचलायचे. करून पाहा, भन्नाट उपाय आहे. अहो, बुफे कुठे पळून जात नाही. चार तासांनी तो पुन्हा लागतोच!

बुफेच्या दाराशी हात धुवायला लावतात, तिथे वैतागू नका. सॅनिटायझर चोळून आत सटकणारे स्मार्ट लोक मी पुष्कळ पाहिले. पण जुलाब-उलट्या करवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागतं. आणि हा पाहुणा अगदी थोड्या विषाणूंनीही पसरतो. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या परदेशी सफरीच्या क्रूझची तर त्यांचं सरकार शंभर मार्कांची स्वच्छतेची परीक्षा घेतं आणि पासिंग ८६ ला! बारावीला असते तर आपलं काय झालं असतं? तर हात धुवा, वाढायला ठेवलेल्या चमच्यानेच वाढून घ्या आणि पोट बिघडलं असेल तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरांना सांगा.

बोट सुटण्याच्या सुमारास, नेमका बार उघडून लोक रंगात येतात तेव्हा सेफ्टी ड्रिल असतं. 'हे काय बोअर' म्हणत अर्धे लोक मोबाइलमध्ये, उरलेले सेल्फीत. आमच्या शेजारच्या केबिनमधले चार जण तर हातात ग्लास घेऊनच आले होते. आई मात्र पहिल्या रांगेत उभं राहून लाइफ जॅकेटचे बंद कसे बांधायचे ते बघत होती. नंतर म्हणाली, ''आमची आजी रामदास बोटीचं सांगायची.'' १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्याला 'टायटॅनिक' तोंडपाठ आणि ही आपल्या दारातली गोष्ट माहीत नाही! आणि जुनं कशाला, १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडली, ३२ जण गेले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. आता आंतरराष्ट्रीय नियमच आहे, ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या. तेवढी वीस मिनिटं ग्लास खाली ठेवा.

आता मेन मुद्दा, काटे-चमचे.

मुख्य डायनिंग रूमला ड्रेस कोड असतो. टाय-कोट लागतोच असं नाही, पण हाफ पँट आणि ओल्या स्विमिंग कॉश्च्यूममध्ये जाऊ नये. बऱ्याच बोटींवर जेवणाची वेळ आणि टेबल ठरलेलं असतं. उशिरा पोचलात तर अख्ख्या टेबलाचं जेवण रखडतं. हे सगळं मी आईला समजावलं आणि तिथेच फसले. ती म्हणाली, ''मग तूच जा. मला ते काट्याने जमायचं नाही, लोक बघतील. मी खोलीत काहीतरी खाईन.'' खोलीत काय खाणार? घरच्या दशम्या आणायला परवानगी नव्हती आणि मॅगी करावी तर किटली-इस्त्री आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर बंद. पहिल्या रात्री मी रागारागाने एकटीच जेवले. तिने केबिनमध्ये बिस्किटं खाल्ली. तिची साठी, आणि तिच्याच पार्टीला ती नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिला नारायणपेठी नेसवून जवळजवळ ओढतच नेली. टेबलावर तीन काटे, दोन सुऱ्या, दोन ग्लास. मी कुजबुजत क्लास घेत होते (बाहेरच्या बाजूचं आधी उचलायचं आणि आत आत यायचं, संपला विषय), ती नॅपकिनशी चाळा करत होती. वेटर मेन्यू घेऊन आला, दोन मिनिटं आमचं ऐकत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ''काकू, हातान खावा. हय कोण बघणा नाय.''

आई दचकलीच. ''तू खंयचो रे?''

''मालवणचो. तुम्ही?''

''देवगड!''

झालं! पुढची दहा मिनिटं मी त्या टेबलावर नव्हतेच. सुरमई आली, भात आला, आईने बांगड्या मागे सारल्या आणि हाताने मस्त जेवली. शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे आपलाही काटा खाली ठेवला.

त्या मुलाचं नंतर थोडं ऐकलं. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सुट्टीचा वार नाही. सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी लंच, मध्ये दोन-तीन तास झोप, रात्री पुन्हा डायनिंग रूम. खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला) दर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, तीही दोन तुकड्यांत विभागता येते. म्हणजे आपण ज्याला 'हॉलिडे' म्हणतो त्यात दिवसाचे चौदा तास काम करणं नियमात बसतं. त्याच सकाळी डोसा गार आहे म्हणून मी एकावर तोंड टाकलं होतं. तो हा नव्हता. पण ड्यूटी तीच. रात्रभर ते मला टोचत राहिलं. सकाळी बुफेवर जाऊन त्याला शोधून सॉरी म्हटलं, तर तो म्हणाला, ''मॅडम, मसाला की साधा?''

छातीवर नाव लिहिलेलं असतं, नावाने हाक मारा. 'शुक शुक' आणि चुटक्या घरी ठेवा. टिपचं आधी विचारून घ्या. कुठे ती तिकिटात असते, कुठे माणशी रोजच्या हिशोबाने बिलात आपोआप येते. शेवटच्या रात्री काउंटरवर रांग लावून ती काढून टाकायला सांगणारे महाभाग असतात. त्यांच्यात उभं राहू नका. कुणी खास काळजी घेतली असेल तर वेगळं पाकीट द्या.

आता पिण्याबद्दल. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली असलेलं कार्डच पाकीट. एक टॅप, एक मोहितो. पैसे गेल्याचं दुःख थेट शेवटच्या सकाळी दाराखालून सरकवलेल्या बिलात होतं! ड्रिंक पॅकेज घेताना साधं गणित करा. रोज किती पेग घेतले म्हणजे ते वसूल होतं, आणि बंदरावर उतरून फिरण्याचा दिवसही त्यात धरलाय का. अनेक कंपन्यांत एकाने घेतलं तर केबिनमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला घ्यावं लागतं. अमेरिकन कंपन्या तर प्रत्येक ड्रिंकवर अठरा-वीस टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा लावतात. काही परदेशी बोटी चढताना माणशी ७५० मिलीची एक वाइनची बाटली नेऊ देतात, पण माउथवॉशच्या बाटलीत रम भरण्याचा जुगाड नको. स्कॅनरवाल्यांनी तो तुमच्या आधी हजार वेळा पाहिलाय.

शेजारच्या चौघांनी पॅकेज घेतलं होतं आणि 'पैसे वसूल' हा एकच अजेंडा. दुसऱ्या रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये गाणी, आणि मग त्यांच्यातला एक कार्पेटवर आडवा. साफ करायला आलेला हाउसकीपिंगचा पोरगा त्यांच्यापेक्षा लहान होता.

बाकी बारीकसारीक तुम्हाला कळतंच. पूलच्या खुर्चीवर टॉवेल टाकून तीन तास गायब होऊ नये (अर्ध्या-पाऊण तासाने टॉवेल उचलून ठेवतात), पूलमध्ये जाण्याआधी शॉवर घ्यावा, स्पीकरवर गाणी लावू नयेत.

आणि हो, बोट लागली. आईला नाही, मला! गोव्याहून परतताना रात्री समुद्र जरा खवळला आणि पोटात ढवळायला लागलं. रिकाम्या पोटी राहू नये आणि तट्ट जेवूही नये. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आलं यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघावं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि तिच्यावर दारू अजिबात नको. बुकिंगच्या वेळी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमधची केबिन मागा, तिथे हालचाल कमी जाणवते. मी मात्र स्वस्तात मिळाली म्हणून पुढच्या टोकाची घेतली होती. आईने पर्समधून आलेपाकाच्या वड्यांचं पाकीट काढलं आणि डेकवर माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. लांब किनाऱ्यावर दिवे दिसत होते. ''हे देवगडच असणार,'' ती ठामपणे म्हणाली. मी वाद घातला नाही.

सकाळी बॅलार्ड पिअरला उतरलो. टॅक्सी ईस्टर्न फ्रीवेवर लागली आणि आईने सीट घट्ट धरली. तीन दिवस डुलल्यावर जमीनही थोडा वेळ हलल्यासारखी वाटते, तसं होतं म्हणे.

''आलेपाक काढ ना,'' मी म्हटलं.

''तो त्या मालवणच्या मुलाला देऊन आले. अजून पाच महिने आहे बिचारा बोटीवर.''